छतावरची सौरवीज आणि घराचा गारवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या आणि आसपासच्या सोसायट्यांना वीजबचतीबद्दल सल्ला देताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. ज्या मुद्द्याचं सविस्तर उत्तर दुसरीकडे आहे तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तुम्हाला घाई असेल तर निदान प्रश्न ३ आणि ९ वाचल्याशिवाय कुणालाही आगाऊ रक्कम देऊ नका.

१. सोलर बसवलं की वीजबिल शून्य येतं, हे खरं आहे का?

वापरलेल्या युनिटांचं बिल शून्यावर येऊ शकतं, पण पूर्ण बिल शून्य होत नाही. वीजजोडणी आहे तोवर स्थिर आकार लागतोच. नेट मीटर दोन्ही बाजूंनी मोजतं: तुम्ही ग्रिडमधून, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यातून, किती घेतलीत आणि ग्रिडला किती दिलीत. दिलेली जास्त असेल तर शिल्लक युनिटं पुढच्या महिन्यात जमा राहतात. ३१ मार्चला मात्र हिशोब मिटतो. तेव्हा उरलेल्या युनिटांचे पैसे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने मिळतात, आणि तो दर आपण विजेला मोजतो त्याहून बराच कमी असतो. म्हणून 'जास्त बसवू आणि वीज विकून कमवू' हा विचार घरगुती ग्राहकाने सोडून द्यावा.

२. आमच्या घराला किती किलोवॅट लागेल?

विक्रेत्याला विचारण्याआधी स्वतःचं बिल काढा. त्यावर मागच्या वर्षभराचा महिनावार वापर छापलेला असतो. बाराही महिन्यांची बेरीज करा, एकट्या मे महिन्यावर जाऊ नका. महाराष्ट्रात १ किलोवॅटची नीट बसवलेली यंत्रणा वर्षाच्या सरासरीने दिवसाला साधारण ४ युनिटं देते, म्हणजे महिन्याला १२० आणि वर्षाला १,४०० च्या आसपास. वर्षाला २,८०० युनिटं वापरणाऱ्या घराला २ किलोवॅट पुरतं. जागा प्रत्येक किलोवॅटमागे साधारण १०० चौरस फूट लागते, तीही सावली न येणारी (प्रश्न ६).

३. शेजाऱ्यांचे पैसे लवकर वसूल झाले, आमच्या हिशोबात मात्र बरीच वर्षं लागतायत. असं का?

कारण बहुधा तुमचा वापर त्यांच्यापेक्षा कमी आहे. हा मुद्दा विक्रेते क्वचितच सांगतात.

महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे: १ ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. टप्पा चढला की युनिट महाग होतं, आणि ऊर्जेच्या आकारांवर १६ टक्के वीज शुल्क लागत असल्याने तेही त्या प्रमाणात वाढतं. सौरयंत्रणा युनिटं कापते ती वरून, म्हणजे सगळ्यात महागडी आधी.

समजा शेजाऱ्यांचा वापर महिन्याला ४५० युनिटं आहे आणि त्यांनी ३ किलोवॅट बसवलं. यंत्रणेच्या ३६० युनिटांपैकी १५० तिसऱ्या टप्प्यातून कमी झाली, २०० दुसऱ्यातून, आणि फक्त १० सगळ्यात स्वस्त टप्प्यातून. तुमचा वापर १२० युनिटांचा असेल, तर १ किलोवॅटमुळे दुसऱ्या टप्प्यातली २० आणि पहिल्यातली १०० कमी होतील. यंत्रणा तशीच, ऊनही तेच, पण तुमच्या प्रत्येक युनिटामागे वाचणारा पैसा खूपच कमी.

माझं स्पष्ट मत असं की ज्यांचा वापर बाराही महिने शंभराच्या आत आहे, त्यांनी केवळ पैसे वाचतील म्हणून कर्ज काढून सोलर बसवू नये. त्यांना प्रश्न ९ जास्त उपयोगी आहे.

४. अनुदान किती मिळतं आणि त्यासाठी काय करावं लागतं?

'पीएम सूर्य घर: मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. घरगुती ग्राहकाला पहिल्या २ किलोवॅटपर्यंत दर किलोवॅटला ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात. म्हणजे ३ किलोवॅटला ७८,०००, आणि ५ किलोवॅट बसवलं तरी ७८,०००च.

नावात 'मुफ्त' असलं तरी पॅनेल फुकट मिळत नाहीत. योजना आखताना केंद्राने पहिल्या दोन किलोवॅटसाठी ५०,००० रुपये प्रति किलोवॅट आणि तिसऱ्यासाठी ४५,००० रुपये हा खर्च धरला होता. बाजारातला दर सुट्या भागांच्या दर्जानुसार वेगळा असतो, पण समोर आलेलं दरपत्रक तपासताना या आकड्यांचा आधार होतो.

अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर स्वतःच्या मोबाइल क्रमांकावरून करा. नोंदणीकृत विक्रेताच निवडावा लागतो. काम झाल्यावर नेट मीटर लागतं, तपासणी होते आणि अनुदान थेट तुमच्या बँक खात्यात येतं. पॅनेल भारतात बनलेलीच हवीत, आणि आतले सेलसुद्धा भारतीय हवेत. बिलावर पॅनेलचे अनुक्रमांक लिहून घ्या आणि गच्चीवर जाऊन पॅनेलच्या मागच्या पट्टीशी ताडून बघा. एका सोसायटीत दरपत्रकात एक कंपनी आणि छतावर दुसरीच पॅनेल असा प्रकार निघाला होता. शेवटचा हप्ता द्यायचा बाकी होता म्हणूनच तो निस्तरता आला.

५. लोडशेडिंगमध्ये सोलर चालेल ना?

साधी ऑन-ग्रिड, म्हणजे ग्रिडला जोडलेली बिनबॅटरीची यंत्रणा चालत नाही, भर उन्हातही नाही. ग्रिडची वीज गेली की सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) स्वतःहून बंद होतो, आणि तसा तो झालाच पाहिजे. नाहीतर बंद समजून खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छतावरची वीज झटका देईल.

वीज वारंवार जात असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर लागतो. खर्च बराच वाढतो आणि बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. शहरात जिथे महिन्यातून दोनचार तासच वीज जाते, तिथे मी बॅटरीचा आग्रह धरत नाही. आधीच घरी असलेला बॅटरीचा छोटा इन्व्हर्टर पंखे-दिव्यांसाठी वेगळा चालू ठेवता येतो.

६. गच्चीवर पाण्याची टाकी आहे. थोडीशी सावली पडली तर चालेल का?

थोडीशी सावलीसुद्धा महागात पडते. पॅनेल एकामागोमाग एक जोडलेली असतात, त्यामुळे एका पॅनेलच्या कोपऱ्यावरची सावली ओळीतल्या इतरांचं उत्पादनही ओढते. पॅनेलमधल्या बायपास डायोडमुळे (सावलीतला भाग वगळून वीज पुढे नेणारा भाग) नुकसान कमी होतं, पण संपत नाही.

सावली तपासायची ती डिसेंबरात, कारण तेव्हा सूर्य सगळ्यात खाली असतो. पुण्यात २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशांवर असतो. पॅनेलच्या पातळीपेक्षा ६ फूट उंच टाकीची सावली तेव्हा उत्तरेकडे सुमारे साडेपाच फूट जाते, आणि सकाळी नऊ किंवा दुपारी चारला त्याहून कितीतरी लांब. म्हणून पॅनेल टाकीच्या आणि जिन्याच्या खोलीच्या दक्षिणेला असावीत.

आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्या-मुंबईत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला जातो, त्यामुळे सावली दक्षिणेकडे पडते. ती आखूड असते आणि बराचसा काळ पावसाचा असतो. तरी टाकीला अगदी खेटून पॅनेल लावू नका.

सावली टाळताच येत नसेल तर प्रत्येक पॅनेलला स्वतंत्र मायक्रोइन्व्हर्टर, म्हणजे त्याचा स्वतःचा छोटा इन्व्हर्टर, हा उपाय आहे. महाग आहे, पण दोन बाजूंना तोंड करून पॅनेल लावावी लागतात अशा बंगल्यांवर तो उपयोगी पडतो.

७. स्लॅब गळतो. पॅनेल बसवल्यावर आणखी गळेल का?

आधी वॉटरप्रूफिंग, मग पॅनेल. हा क्रम उलटला की पुढे गळती शोधायला सगळा सांगाडा उतरवावा लागतो. यंत्रणा २५ वर्षांच्या हिशोबाने बसते, तेव्हा निदान कोबा ठणठणीत आहे ना ते बघून घ्या. शक्य तिथे स्लॅबला भोकं न पाडता काँक्रीटचे ठोकळे ओतून त्यांवर पाय उभे करावेत, आणि ठोकळ्यांनी पावसाच्या पाण्याचा उतार अडत नाही ना हे पाहावं.

किनारपट्टीवर ठोकळ्यांचं वजन वाऱ्याच्या हिशोबाने वाढवावं लागतं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने रायगडात शिरलं, तेव्हा तिथल्या घरांवरचे पत्रे कसे उडाले ते सगळ्यांनी पाहिलं आहे. कोकणात खाऱ्या हवेसाठी सांगाडा गरम जस्ताचा मुलामा दिलेला किंवा ॲल्युमिनियमचाच घ्या. नुसता रंग मारलेलं लोखंड काही पावसाळ्यांतच गंजतं.

८. नागपूर-चंद्रपूरकडे ऊन जास्त, म्हणजे वीजही जास्त मिळेल का? आणि पावसाळ्यात काय?

पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. पॅनेलची क्षमता २५ अंशांना मोजलेली असते आणि त्यावरच्या प्रत्येक अंशाला उत्पादन ०.३ ते ०.४ टक्के घटतं. हवा ४५ अंशांवर असताना पॅनेल ६५ अंशांपर्यंत सहज तापतं, म्हणजे त्या वेळेपुरती साधारण १४ टक्के घट. उपाय सोपा आहे: पॅनेलखालून वारा खेळू द्या. पत्र्याला चिकटवून लावलेली पॅनेल उंचावर लावलेल्यांपेक्षा जास्त तापतात.

पावसाळ्यात ढगाळ दिवशी उत्पादन निम्म्याच्याही खाली जाऊ शकतं. प्रश्न २ मधली सरासरी हे सगळं धरूनच काढलेली आहे, त्यामुळे जुलैचा आकडा बघून घाबरू नका. पाऊस पॅनेल धुऊन काढतो हा फायदाही आहे. इतर महिन्यांत पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने, सकाळी किंवा संध्याकाळी पुसा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका. बोअरचं क्षाराचं पाणी वाळू दिलं तर पांढरे डाग धरतात, ते लगेच निपटून काढा. कबुतरांची विष्ठा आपोआप जाण्याची वाट पाहू नका, तिचा एक वाळलेला गोळाही प्रश्न ६ मधल्या सावलीसारखाच त्रास देतो.

९. पॅनेलवर खर्च करण्याआधी घरात काय बदलावं?

पंखे. हे उत्तर ऐकून लोकांची निराशा होते, पण हिशोब बघा.

जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास खातो. बीएलडीसी, म्हणजे ब्रश नसलेल्या कमी वीज खाणाऱ्या मोटारीचा पंखा त्याच हवेला ३० वॅट घेतो. तीन पंखे दिवसाला १५ तास चालत असतील तर महिन्याला साधारण ६० युनिटं वाचतात. तेवढी वीज तयार करायला अर्धा किलोवॅट पॅनेल लागली असती. पंखा बदलताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर काढून टाका, नाहीतर मोटारीचं सर्किट बिघडतं. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारांकन सक्तीचं आहे, त्यामुळे दुकानात तुलना करणं सोपं झालंय.

त्यानंतर एसी. तापमान एक अंश वर ठेवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा दक्षता ब्यूरोचं म्हणणं आहे. २४ ऐवजी २६ आणि सोबत पंखा मंद, ही सवय लागली की १८ वर लावून गोधडी घेण्याचं कारण उरत नाही. एसी खोलीच्या मानाने मोठा लागतो, कारण खोलीच मुळात तापलेली असते. त्याबद्दल प्रश्न ११ पाहा.

१०. गिझर बंद करायचाय. सोलर वॉटर हीटर घ्यावा की त्याच जागेत पॅनेल वाढवावीत?

१०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साडेतीन युनिटं लागतात. तेवढी वीज रोज पॅनेलमधून मिळवायची तर जवळजवळ १ किलोवॅट, म्हणजे ९०-१०० चौरस फूट गच्ची जाते. १०० लिटरच्या वॉटर हीटरला संग्राहक फक्त २ चौरस मीटरचा, म्हणजे वीसेक चौरस फुटांचा पुरतो. जागा कमी असेल तर हीटर जिंकतो.

पण बंगला किंवा वरचे दोन मजले असतील तरच. सात मजल्यांच्या इमारतीत तळमजल्यावर गरम पाणी येईपर्यंत नळीतलं बादलीभर गार पाणी मोरीत जातं, आणि उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीने तरी हे करू नये. पाणी जड असेल तर काचनळ्यांमध्ये क्षार साचतो, तो दरवर्षी काढावा लागतो. तिथे बंद परिपथाची, म्हणजे संग्राहकातून वापराचं पाणी न फिरवणारी रचना घ्या.

११. आमचा फ्लॅट सगळ्यात वरचा. रात्री अकरालाही छत गरम लागतं. एसीशिवाय काही उपाय?

आहे, आणि स्वस्त आहे. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळनंतर ती उष्णता खाली सोडत राहतो. एप्रिलात दुपारी तीनला अनवाणी गच्चीवर जाऊन बघा: उघड्या कोब्यावर पाय टेकवत नाही, आणि शेजारीच पांढऱ्या चायना मोझेकच्या पट्ट्यावर उभं राहता येतं. ऊन दोन्हींवर सारखंच, फरक पृष्ठभागाचा.

सगळ्यात कमी खर्चात चुन्याची सफेदी मारा. ती पावसात धुऊन जाते, म्हणून दर होळीनंतर पुन्हा. टिकाऊ हवं असेल तर उष्णता परतवणारा पांढरा रंग, आणि वॉटरप्रूफिंग नव्याने करणारच असाल तर चायना मोझेक. रंग काळवंडला, धूळ बसली की परिणाम उतरतो, तेव्हा उन्हाळ्याच्या तोंडावर गच्ची एकदा धुवा. पॅनेल असतील तर त्यांची सावलीही स्लॅबला मिळते, हा फायदा कुणी हिशोबात धरत नाही.

मग पश्चिमेची भिंत. दुपारनंतरचं तिरपं ऊन छज्जा अडवू शकत नाही, कारण ते खालून येतं. खिडकीच्या बाहेर बांबूची चीक किंवा वाळ्याचा पडदा लावा. आतल्या पडद्याने उजेड अडतो, पण तोवर काचेतून उष्णता आत आलेली असते. जागा असेल तिथे पश्चिमेला झाड लावावं. आपल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती आणि चौक, कोकणातल्या कौलांखालचा हवेशीर माळा, या सगळ्यांनी हेच काम केलं.

१२. बिल्डर 'ग्रीन बिल्डिंग' म्हणून जास्त दर सांगतोय. खात्री कशी करायची?

प्रमाणपत्र कुणाचं आणि कोणत्या टप्प्याचं ते विचारा. आपल्याकडे 'गृह' (GRIHA) आणि आयजीबीसी (IGBC) ही हरित इमारतींची दोन मानांकनं जास्त दिसतात. पूर्व-प्रमाणपत्र हे आराखड्यावर मिळतं. इमारत तशी बांधली गेली का, हे अंतिम मानांकनातून कळतं. जाहिरातीत बहुतेक वेळा पहिलंच असतं.

राज्याच्या एकत्रित विकास नियमावलीत हरित मानांकनासाठी बिल्डरला वाढीव चटईक्षेत्र मिळतं, दर्जानुसार ३, ५ किंवा ७ टक्के. म्हणजे त्याला फायदा आधीच झालेला असतो. तुम्ही दर ठरवताना हे लक्षात ठेवा.

मग थेट प्रश्न विचारा. पश्चिमेच्या खिडक्यांना सावली आहे का? गच्चीवर उष्णतारोधक थर आहे का? भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेचा आरईटीव्ही (RETV) आकडा किती? केंद्राच्या इको निवास संहितेत, म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीच्या नियमांत, तो थंड प्रदेश सोडून सगळीकडे १५ वॅट प्रति चौरस मीटरच्या आत असावा असं म्हटलं आहे. आकडा माहीत असलेला वास्तुरचनाकार समोर आला तर बोलणं पुढे न्या. लॉबीतल्या हिरव्या भिंतीने बेडरूम गार होत नाही.

१३. फ्लॅटधारकांना काय? गच्ची तर सोसायटीची आहे.

सोसायटीच्या सामाईक मीटरवर, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे आणि गाड्यांच्या चार्जिंगवर सोलर बसवता येतं. प्रश्न ४ मधल्याच योजनेत गृहनिर्माण संस्थांना दर किलोवॅटला १८,००० रुपये मिळतात. मर्यादा प्रत्येक घरामागे ३ किलोवॅट, एकूण ५०० किलोवॅटपर्यंत. फायदा देखभाल खर्चात सगळ्यांना सारखा मिळतो, म्हणून वाद कमी.

सर्वसाधारण सभेत ठराव, तीन दरपत्रकं आणि पाच वर्षांच्या देखभालीचा लेखी करार, या तीन गोष्टींशिवाय पुढे जाऊ नका. ठरावात गच्चीचा कोणता भाग वापरायचा ते नकाशासह लिहा. पापड-कुरडया वाळत घालायची जागा कुठली, यावरून कामं अडलेली आहेत, आणि ती तक्रार रास्तच असते.

१४. सोसायटी तयार नाही. मी एकट्याने गच्चीवर माझी पॅनेल लावू शकतो का?

सोसायटीने लेखी ना-हरकत दिली तर. वीस घरांच्या इमारतीत पहिले चार जण सगळी दक्षिणेची जागा घेतात आणि बाकीच्यांना काही उरत नाही, म्हणून मी हा मार्ग सुचवत नाही. प्रश्न १३ मधल्या सामाईक मीटरपासून सुरुवात करा.

१५. मीटर वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे. अर्ज होईल का?

आधी वीजजोडणी स्वतःच्या नावावर करून घ्या. अर्जदार, वीजबिल आणि बँक खातं यांतली नावं जुळली नाहीत तर अनुदान अडकतं. आडनाव आणि नावाच्या स्पेलिंगमधला फरकही आधीच दुरुस्त करा. भाडेकरूंना स्वतःच्या नावाने हे करता येत नाही, घरमालकाशी बोलावं लागेल.

१६. बिलावर मंजूर भार कमी आहे आणि मला ३ किलोवॅट बसवायचंय. अडचण येईल का?

महाराष्ट्रात सौरयंत्रणेची क्षमता मंजूर भाराशी बांधलेली आहे, म्हणून भार वाढवून घ्यावा लागतो. २०२४ च्या सुधारित ग्राहक हक्क नियमांनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जांना तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणी लागत नाही, आणि ५ किलोवॅटपर्यंत वीजवाहिनीचं बळकटीकरण वीज कंपनीने स्वतःच्या खर्चाने करायचं आहे. 'ट्रान्सफॉर्मर लहान आहे, पैसे भरा' असं कुणी सांगितलं तर ते लेखी मागा. भार वाढल्याने स्थिर आकार बदलतो का, तेही त्याच वेळी विचारून घ्या.

१७. खाली दुकान, वर घर. एकच यंत्रणा दोन्हीला चालेल का?

मीटर वेगळी असतील तर नाही. अनुदान घरगुती जोडणीलाच आहे. दुकानाचा दर जास्त असल्याने तिथे अनुदानाशिवायही हिशोब जमू शकतो, दोन्हींचा वेगवेगळा करा.

१८. सोसायटी तीन-चार वर्षांत पुनर्विकासाला जाणार आहे. आत्ता खर्च करावा का?

नव्या यंत्रणेवर माझ्या मते करू नये. पॅनेल आणि इन्व्हर्टर उतरवून दुसरीकडे नेता येतात, पण सांगाडा, केबल आणि मजुरी वाया जाते, नेट मीटरची प्रक्रिया नव्याने करावी लागते आणि अनुदान पुन्हा मिळत नाही. या काळात जिन्यात एलईडी आणि घरोघर पंखे बदला, ते नव्या घरीही सोबत नेता येतात. गच्चीला चुना लावा.

आणि विकसकाशी करार करताना सौरयंत्रणेची क्षमता किलोवॅटमध्ये, गच्चीवरची सावलीमुक्त जागा चौरस फुटांत आणि छताचा उष्णतारोधक थर कशाचा, हे तिन्ही आकड्यांत लिहून घ्या. 'पर्यावरणपूरक सुविधा दिल्या जातील' एवढ्या वाक्यावर सही करू नका.